टीव्हीमागचा संगणक आणि खारा वारा

टीव्हीला जोडायचा, मुक्त सॉफ्टवेअरवर चालणारा संगणक घरीच कसा उभा करावा, याबद्दल रायगडपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या वाचकांचे प्रश्न आले आहेत. सॉफ्टवेअरच्या अडचणी सगळीकडे सारख्याच असतात. किनाऱ्यावर यंत्र बिघडतं ते मुख्यतः वीज आणि मीठ यांमुळे, म्हणून त्या दोन उत्तरांना जागा जास्त दिली आहे.

प्रश्न (देवगड): ऑफिसातून काढलेला चौथ्या पिढीचा आय-५ संगणक घरी पडून आहे, रॅम ४ जीबी. नवा टीव्ही ४३ इंची फोर-के आहे. यावर कोडी चालेल का? आणि ते फुकट कसं?

उत्तर: चालेल. नवं काही घेण्याआधी महिनाभर यावरच चालवून बघा.

कोडी हा फक्त प्लेअर आहे. तुमच्याच डिस्कवरचे चित्रपट, गाणी, फोटो टीव्हीवर रिमोटने उघडता येतील असे मांडून देतो. सुरुवातीला तो एक्सबॉक्स या खेळयंत्रासाठी स्वयंसेवकांनी लिहिला, २०१४ मध्ये त्याचं नाव कोडी झालं. जीपीएल या मुक्त परवान्याखाली असल्यामुळे तो कुणीही वापरावा, बदलावा, वाटावा. पैसे द्यायचा प्रश्नच येत नाही.

विंडोजमध्ये कोडी टाकण्यापेक्षा लिब्रइलेक टाका. कोडी चालवण्यापुरतंच असलेलं हे लिनक्स २०१६ मध्ये ओपनइलेकमधून वेगळं झालं. संगणक सुरू केला की थेट कोडीच उघडतो. दुसऱ्या संगणकावर लिब्रइलेकची 'जेनेरिक' प्रतिमा, म्हणजे सबंध प्रणालीची एकच फाईल, उतरवा आणि त्यांच्याच यूएसबी-एसडी क्रिएटरने ४ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. जुन्या संगणकाच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) सिक्युअर बूट बंद करा, पेनड्राइव्हवरून सुरू करा आणि इन्स्टॉल निवडा. इथे एक चूक फार महागात पडते: इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण पुसतो. म्हणून चित्रपटांची डिस्क त्या वेळी जोडूच नका. लिब्रइलेकला ३२ जीबीची एसएसडी भरपूर झाली.

बायोसमधून बाहेर पडण्याआधी 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' किंवा तशा नावाची सोय शोधून 'पॉवर ऑन' करा. लाईट गेली आणि आली की यंत्र आपोआप सुरू होईल. नाहीतर घरातली वडीलधारी माणसं टीव्हीमागे हात घालून बटण शोधत बसतात.

आता या यंत्राची मर्यादा. चौथ्या पिढीच्या इंटेलमध्ये एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची जुनी पद्धत) उलगडणारं हार्डवेअर आहे, एचईव्हीसी या नव्या पद्धतीचं नाही. एचईव्हीसी फाईल आली की सगळं काम प्रोसेसरवर पडतं. १०८०पी बहुधा निभावेल. फोर-के, १० बिट फाईल मात्र अडखळेल आणि पंखा गरगरायला लागेल. शिवाय त्या काळातलं एचडीएमआय फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच देतं. तेव्हा कोडीत रिझोल्यूशन १०८०पी ठेवा, मोठं करण्याचं काम टीव्हीला करू द्या.

पुढे नवं घ्यायचं झालं तर इंटेल एन१०० चा छोटा संगणक, ८ जीबी रॅमचा, हा आज सगळ्यांत शहाणा सौदा वाटतो: एचईव्हीसी १० बिट, व्हीपी९, एव्ही१ सगळं हार्डवेअरवर उलगडतो. जुन्यातला घेत असाल तर सातव्या पिढीच्या खाली जाऊ नका, १० बिट एचईव्हीसी तिथून पुढे मिळतं. रास्पबेरी पाय ४ (२ जीबी) हा तळहाताएवढा संगणक एच.२६४ आणि एचईव्हीसीला पुरेसा आहे आणि टीव्हीच्याच रिमोटवर चालतो, कारण त्याच्या एचडीएमआयमध्ये सीईसी असतं. बहुतेक संगणकांत ते नसतं. तिथे फोनवर कोरे हे कोडीचं अधिकृत रिमोट ॲप टाका. पाय ५ घेताना एवढं लक्षात ठेवा की त्यातून एच.२६४ चं हार्डवेअर काढून टाकलेलं आहे. १०८०पी तो प्रोसेसरच्या जोरावर सहज ओढतो, पण गरम होतो. थंडावा देणारी पेटी घ्याच.

एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. सेटिंग्जच्या पानावर खाली डावीकडे असलेल्या गिअरने पातळी 'ॲडव्हान्स्ड' करा. मग प्लेअर, व्हिडिओज, 'ॲडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट' इथे 'ऑन स्टार्ट/स्टॉप' निवडा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा, टीव्ही ६० चा. हिशोब जुळवायला एक चौकट तीनदा आणि पुढची दोनदा दिसते. होडी पडद्यावर आडवी सरकत असेल तर ती बारीक धक्के खात जाते, ते याचमुळे.

प्रश्न (गुहागर): पावसाळ्यात दिवसातून दहादा लाईट जाते-येते. दोनदा यंत्र सुरूच झालं नाही, एकदा बाहेरची हार्डडिस्क रिकामी दिसू लागली. इन्व्हर्टर असूनही यंत्र बंद पडतं. काय करावं?

उत्तर: तुमच्या पत्रात तीन वेगळे बिघाड आहेत, एकेक घेऊ.

आधी डिस्क. ती रिकामी दिसली म्हणजे रिकामी झाली असं नाही. विंडोजला जोडल्यावर 'फॉरमॅट करायची का' असं विचारलं तर काहीही झालं तरी 'हो' म्हणू नका. बाजारातल्या पुष्कळ डिस्क एक्सफॅट पद्धतीच्या असतात आणि तिला नोंदवही, म्हणजे जर्नल, नसते. लिहिणं चालू असताना वीज गेली की कोणती फाईल कुठे होती याचाच घोळ होतो. डिस्कवर उजवी टिचकी, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक, एवढं आधी करून बघा. फाईली परत दिसल्या की सगळ्या दुसरीकडे उतरवून डिस्क एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ करा, दोन्हींत जर्नल आहे. डिस्क कायम लिब्रइलेकलाच राहणार असेल तर ईएक्सटी४ उत्तम. मात्र ती विंडोजला ओळखू येत नाही, तिथे जोडली की तेच 'फॉरमॅट'चं विचारणं पुन्हा येईल. घरात सगळ्यांना हे सांगून ठेवा, डिस्कवर चिठ्ठी चिकटवा.

यंत्र रास्पबेरी पाय असेल तर ते सुरू न होण्याचं कारण बहुतेक एसडी कार्ड असणार. लिब्रइलेकची मूळ प्रणाली फक्त वाचता येईल अशा बंद फाईलीत असते, त्यामुळे ती सहसा शाबूत राहते. कोडीच्या नोंदी, पोस्टरं, सेटिंग्ज मात्र लिहिल्या जाणाऱ्या भागात असतात आणि वीज गेल्यावर मार त्यांनाच बसतो. तेव्हा पायला कार्डाऐवजी यूएसबीला छोटी एसएसडी लावून तिच्यावरून चालवा. आणि आगोटीच्या कामांत हे एक काम वाढवा: लिब्रइलेकच्या सेटिंग्जमध्ये सिस्टमखाली बॅकअपची सोय आहे, तिथे घेतलेली फाईल पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. बिघाड झाला तर नवं कार्ड लिहून ती परत भरायला अर्धा तास लागतो.

पायला बाहेरची डिस्क थेट जोडली असेल तर आणखी एक गोष्ट तपासा. पाय ४ चारही यूएसबी तोंडांना मिळून १.२ अँपिअरच देतो आणि अडीच इंची डिस्क सुरू होताना त्यातला मोठा वाटा ओढते. पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज चमकताना दिसली तर विजेचा दाब कमी पडतोय. फोनचा चार्जर काढा, ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अधिकृत ॲडाप्टर लावा, डिस्कला स्वतःची वीज असलेला हब द्या.

इन्व्हर्टरच्या मागे किंवा पुढे बहुधा एक खटका असतो, 'इको' आणि 'यूपीएस' असा. इकोवर वीज बदलायला जो वेळ लागतो तेवढ्यात टीव्ही तग धरतो, संगणक धरत नाही. खटका यूपीएसकडे करा. इन्व्हर्टर नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या आणि त्यावर फक्त संगणक, डिस्क आणि राउटर ठेवा. तिन्ही मिळून २५-३० वॉट होतात, बॅटरी नवी असेपर्यंत तासभराच्या आसपास निघतो. टीव्ही त्यावर लावलात तर तेवढा वेळ मिळणार नाही.

दाब कमी-जास्त होण्याला फार घाबरू नका. छोट्या संगणकांचे ॲडाप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतात, १७० ला त्यांचं काही बिघडत नाही. बिघडवते ती वीज कडाडल्यावर तारांतून येणारी लाट. स्पाइक गार्डमधला तुकडा ती लाट जमिनीत सोडू शकतो, पण अर्थिंग असेल तरच. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत होते आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजून घ्या. २-३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर खड्ड्यात पाणी घालायला, कोळसा-मीठ बदलायला हवं. तरीही मिरगाच्या आसपासचे आणि परतीच्या पावसातले दिवस असे की प्लग उपटून ठेवणं हाच खरा उपाय. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपासच्या विजांचा इशारा देतं. इशारा आला की विजेचा प्लग, डिशची केबल आणि नेटवर्कची केबल तिन्ही काढा. लोक फक्त पहिला काढतात आणि लाट डिशच्या केबलमधून आत येते.

प्रश्न (वेंगुर्ले): आम्ही मुंबईला असतो, घर जूनपासून गणपतीपर्यंत बंद. मागल्या वर्षी आल्यावर टीव्हीवर चित्रच येईना. एचडीएमआयच्या तोंडाशी हिरवट काहीतरी दिसतं. यंत्र गेलं का?

उत्तर: बहुधा गेलं नाही. ते हिरवं म्हणजे तांब्यावर चढलेला गंज. समुद्रावरून येणारं मीठ धुळीसारखं सगळीकडे बसतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे ती कित्येक दिवस त्याच्या वरच असते. म्हणजे बंद घरात, कोरड्या दिसणाऱ्या यंत्रावर, खाऱ्या पाण्याचा पातळ थर महिनोन् महिने बसून असतो. कनेक्टरच्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की त्याच्या बारीक छिद्रांतून खालचा धातू खाल्ला जातो.

वीज काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा. हात धुण्याचं सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. मऊ ब्रशने एचडीएमआयचं तोंड आणि केबलचं टोक पुसा, केबल आठ-दहा वेळा आत-बाहेर करा, अर्धा तास वाळू द्या. केबल मात्र नवीच घ्या, ती स्वस्त असते. मेजावरचा संगणक असेल तर रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कडाही पुसा. सुरू होताना नुसती शिटी वाजते आणि पडदा काळा राहतो तेव्हा दोष पुष्कळदा तिथेच असतो. खोबरेल किंवा पेट्रोल लावू नका.

चित्र आलं, पण पोस्टरं आणि माहिती उतरत नसेल तर तारीख बघा. मदरबोर्डवरची सीआर२०३२ नाण्याएवढी बॅटरी बंद महिन्यांत उतरते, घड्याळ मागे जातं आणि मग सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रं चुकीची ठरतात. बायोसमधली 'पॉवर ऑन'ची सोयही तिच्यासोबत पुसली जाते. ३ व्होल्टची ती बॅटरी २.७ च्या खाली असेल तर बदला.

पुढच्या वर्षी घर बंद करताना यंत्र तासभर चालवून आतून कोरडं करा, निवल्याबरोबर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात १०० ग्रॅम सिलिका जेलसह ठेवा. नारिंगी दाणे हिरवे झाले म्हणजे ते ओले झाले, ११०-१२० अंशांवर दोन तास भाजले की परत कामाला येतात. फोटो-चित्रपटांची डिस्क सोबत मुंबईला न्या. बहुतेक हार्डडिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, ती दमट घरात सोडायची वस्तू नव्हे.

जे वर्षभर किनाऱ्यावरच राहतात त्यांनी याच्या उलट करावं, यंत्र बंदच करू नये. चालू यंत्र भोवतालापेक्षा थोडं गरम असतं, त्यामुळे आतली आर्द्रता कमी राहते. १० वॉटचं यंत्र चोवीस तास चाललं तर महिन्याला सव्वासात युनिट. पंख्याऐवजी ॲल्युमिनियमच्या पेटीतून निवणारं मॉडेल घ्या, कारण पंखा मीठच आत खेचतो. ओल धरणाऱ्या भिंतीपासून ते वीतभर पुढे ठेवा. रिकाम्या तोंडांना रबरी बुचं बसवा. मुंग्यांना आणि पालींना उबदार पेटी फार आवडते.

प्रश्न (मालवण): गावच्या जत्रेतल्या दशावतारी नाटकांची बारा वर्षांची रेकॉर्डिंगं आहेत. कोडी त्यांना भलत्याच इंग्रजी चित्रपटांची पोस्टरं लावतो. एकेक नाटक सात-आठ तुकड्यांत आहे, आणि लढाईच्या वेळी चित्र फाटल्यासारखं दिसतं.

उत्तर: हा ठेवा मोठा आहे, पहिलं काम म्हणजे त्याची दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा.

पोस्टरांचं कारण असं: फोल्डर जोडताना 'मूव्हीज' निवडलं की कोडी फाईलीचं नाव इंटरनेटवरच्या यादीत शोधतो आणि जे जवळचं वाटेल ते चिकटवतो. दशावतार त्या यादीत नाही. त्या फोल्डरवर 'चेंज कंटेंट'मध्ये जाऊन 'नन' निवडा आणि व्हिडिओज, फाइल्स इथून बघा. फोल्डरांची नावं देवनागरीत ठेवता येतात: आधी वर्ष, मग जत्रेचं गाव, मग आख्यान, म्हणजे आपोआप क्रम लागतो. प्रत्येक फोल्डरात एक फोटो ठेवा. त्याचं नाव इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत 'फोल्डर' आणि पुढे जेपीजी. तोच मुखपृष्ठ म्हणून दिसेल.

तुकडे पडले ते कॅमेऱ्याच्या कार्डामुळे. फॅट३२ पद्धतीत एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. एमकेव्हीटूलनिक्स या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये पहिला तुकडा 'ॲड' करा, बाकीचे क्रमाने 'अपेंड' करा. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो. पूर्ण ऐकून जोड तपासल्याशिवाय मूळ तुकडे पुसू नका.

आणि चित्र फाटत नाही. कॅमेऱ्याने ते इंटरलेस्ड, म्हणजे आधी विषम ओळी, मग सम ओळी असं टिपलं आहे. राक्षसाने तलवार फिरवली की दोन्ही ओळींत ती वेगळ्या जागी असते, म्हणून पात्याच्या कडेला फणीसारखे दात दिसतात. चालू चित्रात व्हिडिओ सेटिंग्ज उघडून 'डीइंटरलेस मेथड' बदलून बघा. कोणती पद्धत मिळेल ते यंत्रावर अवलंबून असतं. पात्याची कड सलग दिसली की तीच सगळ्या व्हिडिओंसाठी कायम करा.

प्रश्न (दापोली): मराठी उपशीर्षकांच्या जागी चौकोन दिसतात. काही फाईलींत इंग्रजी अक्षरांची खिचडी.

उत्तर: चौकोन म्हणजे फॉन्टात देवनागरी नाही. मुक्त परवान्याचा मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी उतरवा. लिब्रइलेकच्या सेटिंग्जमध्ये एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून आत येण्याची सोय) चालू करा, त्याच वेळी पासवर्ड बदला, आणि दुसऱ्या संगणकावरून विनएससीपी या प्रोग्रामने आत जा. स्टोरेजखाली टिंबाने सुरू होणारं कोडी फोल्डर आहे, त्यातल्या मीडियामध्ये फॉन्ट्स. टीटीएफ फाईल तिथे टाका, कोडी पुन्हा सुरू करा आणि उपशीर्षकांच्या सेटिंगमध्ये तो फॉन्ट निवडा. खिचडी दिसते ती फाईल जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे. ती युनिकोडमध्ये रूपांतरित करून यूटीएफ-८ म्हणून जतन करावी लागेल. फॉन्ट बदलून उपयोग नाही.

प्रश्न (अलिबाग): संवाद ऐकू येत नाहीत, पार्श्वसंगीत कानठळ्या बसवतं. साउंडबार एआरसीवर, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर नेणाऱ्या एचडीएमआयवर, आहे.

उत्तर: ५.१, म्हणजे सहा चॅनलच्या, ध्वनीत संवाद मधल्या चॅनलवर असतात. दोनच स्पीकरवर सगळं ओतलं की ते दबतात. फक्त टीव्हीचेच स्पीकर असतील तर सिस्टम, ऑडिओ इथे चॅनल २.० ठेवा आणि 'मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स' बदलून कान देऊन बघा. ५.१ चा साउंडबार असेल तर साधं एआरसी अनेक चॅनलचा न दाबलेला आवाज नेऊ शकत नाही, दाबलेला डॉल्बी डिजिटल नेतं. चॅनल २.० च ठेवून 'पासथ्रू' (आवाज न उलगडता तसाच पुढे पाठवणं), 'एसी३' (डॉल्बी डिजिटलचंच दुसरं नाव) आणि 'डॉल्बी डिजिटल ट्रान्सकोडिंग' तिन्ही चालू करा. पासथ्रू चालतच नसेल तर 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' बंद आहे ना ते पाहा.

प्रश्न (रत्नागिरी): सगळे ओटीटी फुकट दिसतील असा 'भरलेला' कोडीचा डबा दुकानात मिळतो. घ्यावा का?

उत्तर: नको. कोडीसोबत कसलाही मजकूर येत नाही. तसे डबे चोरीच्या ॲडऑनवर (कोडीला जोडायच्या छोट्या प्रोग्रामांवर) चालतात, ते बंद पडतात, आणि ते आणखी काय करतात हे तुम्हाला तपासता येत नाही. पैसे भरलेली ओटीटी खाती टीव्हीच्याच ॲपमध्ये बघा. लिनक्सवर त्यांचं नक्कल रोखणारं वाइडवाइन संरक्षण सर्वसाधारणपणे खालच्या पातळीचं मिळतं, म्हणून चित्र कमी दर्जाचं येतं. कितीही खटपट केली तरी हे आपल्या हातात नाही.

प्रश्न (श्रीवर्धन): डीडी फ्री डिशवरची सह्याद्री वाहिनी याच संगणकात घेता येईल का? आईच्या खोलीतला जुना सेट-टॉप बॉक्सही चालू राहायला हवा.

उत्तर: येते. लिनक्सला ओळखू येणारा डीव्हीबी-एस२ (उपग्रहाच्या वाहिन्या पकडणारा) यूएसबी ट्यूनर घ्या. विकत घेण्याआधी त्यातली चिप लिनक्सटीव्ही या संकेतस्थळाच्या यादीत आहे का ते बघाच. लिब्रइलेकच्या ॲडऑनमधून वाहिन्या पकडणारा टीव्हीहेडएंड सर्व्हर आणि त्या कोडीत दाखवणारा त्याचा एचटीएसपी क्लायंट टाका. दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये यंत्राचा पत्ता आणि पोर्ट ९९८१ लिहिलं की त्याचं पान उघडतं. तिथे डीव्हीबी-एस नेटवर्क तयार करा, उपग्रहाची जागा ९३.५ अंश पूर्व निवडा, तो जीसॅट-१५. ट्यूनरला ते नेटवर्क द्या, एलएनबी (डिशच्या दांडीवरचा लहरी पकडणारा भाग) 'युनिव्हर्सल' ठेवा, शोध पूर्ण होऊ द्या आणि सापडलेल्या सेवा वाहिन्यांना जोडा. कूटबद्ध वाहिन्या यादीत आल्या तरी दिसणार नाहीत.

आईचा बॉक्स चालू ठेवायचा तर साधा स्प्लिटर लावू नका. ट्यूनर एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट देऊन उभी की आडवी लहर हवी ते सांगतो. एका केबलवर दोन यंत्रं वेगवेगळं मागू लागली की एकाचं चित्र जातं. दोन तोंडांचा एलएनबी बसवा आणि दोन वेगळ्या केबली आणा. बाहेरच्या जोडांवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप गुंडाळा, शिवाय केबलला खाली झोळ द्या म्हणजे पाणी तिथून गळून जाईल. मुसळधार पावसात वाहिनी जाईलच. १० गिगाहर्ट्झच्या वरच्या लहरी थेंब शोषून घेतात. पण पाऊस ओसरल्यावरही चित्र आलं नाही तर डिश हलवण्याआधी एलएनबीचा जोड उघडून बघा, मधली तार हिरवी पडलेली असेल. दोन इंच कापून नवा कनेक्टर लावा.